रजिस्टर जेवलं, मुलं उपाशी



या मालिकेत माझ्याआधी बोलून गेलेल्यांमध्ये डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत, लेखक आहेत. मी त्यातला कुणी नाही. मी सैन्यातून निवृत्त झालेला अधिकारी. आर्मी सर्व्हिस कोअर, म्हणजे ए. एस. सी. मध्ये माझी नोकरी झाली. बंदूक चालवायला शिकलो खरा, पण आयुष्य गेलं ते तांदूळ, डाळ, आटा, तेल आणि भाजीपाला मोजण्यात. त्यामुळे संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, मला जे येतं त्यावरच बोलतो. मुलांच्या ताटावर बोलतो. सरकारी शाळेतल्या दुपारच्या जेवणावर.

तुम्ही हा व्हिडिओ कुठून बघताय मला माहीत नाही. कोल्हापुरातून, बेळगावातून, इंदूर-बडोद्यातून, पणजीहून. मी बोलतोय टी. नरसीपूरहून. म्हैसूरपासून तीस-पस्तीस किलोमीटरवर हे तालुक्याचं गाव. ‘टी’ म्हणजे तिरुमकूडलु, तीन प्रवाहांचा संगम. कावेरी आणि कपिला, म्हणजे काबिनी, इथे मिळतात आणि तिसरं स्फटिक सरोवर गुप्त आहे असं मानतात. प्रयागसारखंच. सोमनाथपूरचं होयसळ मंदिर आणि तलकाडू याच तालुक्यात. कालव्याच्या पाण्यावर भात, कोरडवाहूत नाचणी. माझ्या पत्नीचं घराणं म्हैसूरच्या जुन्या मराठी कुटुंबांपैकी. इथे त्यांची थोडी शेती आहे. निवृत्तीनंतर आम्ही इथेच आलो. मी मूळचा माण तालुक्यातला, सातारा जिल्हा. पाऊस न पडणाऱ्या गावातला माणूस दोन नद्यांच्या काठी येऊन राहिला.

माणदेश म्हटल्यावर दुष्काळ आलाच. १९७२ साली मी बारा वर्षांचा होतो. माझ्या वयाच्या मंडळींना दोन शब्द सांगितले की पुरे, मिलो आणि सुकडी. परदेशातून आलेली ती लाल मिलो घशाखाली उतरायची नाही. पण सुकडी! भाजलेलं पीठ, गूळ, तेल. दुष्काळी कामावर मिळायची, शाळेतही मिळायची. मी वर्गात कशासाठी जात होतो असं कुणी विचारलं तर गणितासाठी असं खोटं सांगणार नाही. सुकडीसाठी जात होतो. गणित नंतर आलं. सैन्यात भरती होताना छाती मोजली, वजन केलं, तेव्हा त्या आकड्यांत सुकडीचा वाटा होता असं मला आजही वाटतं.

म्हणून शाळेतल्या जेवणाला कुणी ‘फुकटची खिचडी’ म्हणालं की मला राग येतो.

आता एक चूक सांगतो. माझी स्वतःची. त्याशिवाय पुढचं बोलणं पटणार नाही.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. सैन्यात जवानांच्या स्वयंपाकघराला लंगर म्हणतात. जेवण वाढण्याआधी ड्यूटीवरचा अधिकारी ते चाखतो आणि रजिस्टरवर सही करतो. एका थंड ठिकाणी, एका संध्याकाळी, मला कंटाळा आला. मी लंगरपर्यंत गेलोच नाही. रजिस्टर मागवलं, ‘जेवण चांगलं आहे’ असं लिहिलं, सही ठोकली. त्या दिवशी डाळीला रॉकेलचा वास लागला होता. कुणी आजारी पडलं नाही, पण डाळ कुणी खाल्लीही नाही. दुसऱ्या दिवशी आमचे सुभेदार साहेब माझ्याकडे आले. वयाने माझ्या वडिलांएवढे. आवाज न चढवता म्हणाले, “साब, कल रजिस्टर ने खाना खा लिया. जवान भूखा सो गया.”

एवढंच बोलले, सॅल्यूट केला आणि गेले. त्यानंतर पुढच्या सगळ्या नोकरीत मी न चाखता सही केली नाही. आणि आज तुम्हाला जे सांगायचंय ते या एका वाक्यात आहे. शाळेच्या आहाराचे नियम आपल्या देशात चांगले आहेत. कागदावरचे आकडे नीट विचार करून ठरवलेले आहेत. पण नियम कागदावर पुरा होत नाही, तो मुलाच्या ताटात पुरा होतो. आणि ताटात तो पोचावा असं वाटत असेल तर स्वयंपाक करणारीला, आईबापांना आणि खुद्द मुलांना तो समजला पाहिजे.

आधी थोडा इतिहास, भरभर. मद्रास महानगरपालिकेने १९२० च्या सुमारास काही शाळांत जेवण सुरू केलं. पुढे कामराजांनी ते तामिळनाडूच्या गावोगावी नेलं आणि १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी त्याला मोठं रूप दिलं. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची योजना आली. पण बहुतेक राज्यांत शिजवलेलं अन्न नव्हतं, महिन्याला तीन किलो धान्य घरी न्यायचं, ऐंशी टक्के हजेरी असेल तर. घरी गेलेलं धान्य घरच्या सगळ्यांत वाटलं जातं. त्यात चूक कुणाची नाही, पण शाळेतल्या मुलाच्या पोटात किती गेलं हे सांगता येत नाही.

मग २००१ साल आलं. राजस्थानात दुष्काळ होता आणि सरकारी गोदामं धान्याने भरलेली होती. पी. यू. सी. एल. ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. २८ नोव्हेंबर २००१ ला न्यायालयाने आदेश दिला, सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेलं जेवण द्या. किमान ३०० कॅलरी, ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षातले किमान २०० दिवस. कर्नाटकात ‘अक्षर दासोह’ २००२ मध्ये सुरू झालं. दासोह हा बसवण्णांच्या परंपरेतला शब्द, आपल्याकडचं घासातला घास देणं. पण मुलं त्याला म्हणतात ‘बिसियूटा’, गरम जेवण. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने हे जेवण मुलाचा हक्क झालं. २०२१ पासून योजनेचं नाव पी. एम. पोषण.

आता आकडे. घाबरू नका, मी ते आमच्या गावच्या शाळेत फळ्यावर लिहिले तेव्हा चौथीच्या मुलांनाही कळले.

पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. यातून लहानाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, मोठ्याला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत हा हिशेब. सैन्यात याला स्केल म्हणतात. जवानाचं स्केल असतं तसं हे मुलाचं स्केल.

हे आकडे आले कुठून? करून बघा. शंभर ग्रॅम तांदळात सात-आठ ग्रॅम प्रथिनं असतात. वीस ग्रॅम तूरडाळीत चारच्या आसपास. भाजीतून थोडी. झाली बारा. म्हणजे हा हिशेब अगदी काठावरचा आहे. त्यात सांडलवंड धरलेली नाही. सांबारातली डाळ अर्धी झाली तर दोन ग्रॅम गेली. तुम्ही म्हणाल, दोन ग्रॅमचं काय घेऊन बसलात? तर असं आहे. तांदळाच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी असतो, डाळीत तो भरपूर असतो. दोन्ही एकत्र आले की शरीर दोन्ही नीट वापरतं. आपल्या आजीला लायसिन माहीत नव्हतं, पण वरणभात माहीत होता. डाळ पातळ केली की तांदळाचं प्रथिनही पुरतं कामी येत नाही. भात पोटभर मिळतो, मूल ढेकर देतं, आणि वाढ मात्र मागे राहते.

वाढ मागे राहणं हे काही लांबच्या कुठल्या राज्यातलं दुखणं नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या मुलांपैकी वयाच्या मानाने खुजी मुलं कर्नाटकात सुमारे ३५ टक्के आणि महाराष्ट्रातही सुमारे ३५ टक्के. आपण दोन्ही राज्यं सीमेवरून भांडतो, पण इथे बरोबरीत आहोत. आणि देशभरात त्याच वयाच्या दर तीन मुलांपैकी दोघांना रक्तक्षय. हीच मुलं पुढे पहिलीत येतात.

आता माझी दुसरी चूक. ही टी. नरसीपूरमधली.

आमच्या घराजवळ एक सरकारी शाळा आहे. नाव सांगत नाही, गरजही नाही. पहिली ते सातवी. जवळच राहणारा, राशन खात्यातला जुना माणूस म्हणून शाळेच्या समितीने मला बोलावलं. इथे तिला एस. डी. एम. सी. म्हणतात, आपल्याकडची शाळा व्यवस्थापन समिती. दोन स्वयंपाकिणी. मोठ्या आहेत त्यांना सगळे अक्का म्हणतात, मीही म्हणतो. पहिल्याच दिवशी मी पाहिलं, अक्का सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. खडे नव्हते त्यात. काही दाणे वेगळे दिसत होते, किंचित पिवळट, जरा गुळगुळीत, पाण्यात टाकले तर वर येणारे. ते त्या वेचून काढत होत्या. मी विचारलं, हे काय? त्या हळू आवाजात म्हणाल्या, “प्लास्टिक अक्की, सर.” अक्की म्हणजे तांदूळ. प्लास्टिकचा तांदूळ मिसळतात, मोबाइलवर आलंय, मुलांच्या पोटात नको जायला.

आणि मी काय म्हणालो? तीसेक वर्षं सैन्याला तांदूळ पुरवलेला माणूस मी. मी म्हणालो, “बरं करता, अक्का.”

मलाही तसाच व्हिडिओ आला होता. मी तपासलं नाही. म्हणजे पुन्हा एकदा न चाखता सही.

काही आठवड्यांनी म्हैसूरला जुन्या ओळखीच्या एका शास्त्रज्ञांकडे चहाला गेलो. म्हैसूर हे अन्नशास्त्राचं गाव आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. चेलुवांबा महालात १९५० मध्ये सी. एफ. टी. आर. आय., केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था, सुरू झाली. शेंगदाण्याचं पीठ आणि हरभऱ्याचं पीठ मिसळून गरिबाला परवडेल असं प्रथिनयुक्त अन्न त्यांनी पन्नासच्या दशकात तयार केलं. माझ्या सुकडीचं हे चुलत भावंडच म्हणा. आणि १९६१ पासून इथेच संरक्षण खात्याची अन्न प्रयोगशाळा, डी. एफ. आर. एल., आहे. जवान बर्फात पाकीट फोडून जो पुलाव खातो, त्यामागे ती प्रयोगशाळा आहे. नोकरीत माझा तिच्याशी संबंध आला होता.

मी सहज प्लास्टिक तांदळाचं बोललो. ते गृहस्थ हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, तो पोषक दाणा आहे. तांदळाचं पीठ करतात, त्यात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळतात, यंत्रातून पुन्हा दाण्याच्या आकारात काढतात. शंभर किलो तांदळात एक किलो असे दाणे मिसळायचे. रेशनमध्ये आणि शाळांमध्ये तेव्हा हाच तांदूळ यायचा. घडण वेगळी म्हणून रंग वेगळा, आणि हलका म्हणून तरंगतो.

मंडळी, मी गप्प बसलो. सरकारने खर्च केला, कारखान्यात दाणा तयार झाला, गोदामातून पोत्यातून आमच्या शाळेपर्यंत आला. सगळी साखळी पार पडली. आणि शेवटच्या हातभर अंतरावर, सुपातून, तो अक्कांच्या कोंबड्यांपुढे गेला. अक्कांनी मायेने टाकला. मी शहाणपणाने ‘बरं करता’ म्हटलं. कोंबड्यांची तब्येत मात्र उत्तम होती!

असा तांदूळ हाच योग्य उपाय आहे का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. डाळ, पालेभाजी, अंडं यांतूनच लोह आणि प्रथिनं मिळावीत असं म्हणणारे आहेत, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. थॅलेसेमियासारखा आजार असलेल्या मुलांबाबत डॉक्टरांना विचारलं पाहिजे, तेही खरं. पण माहिती घेऊन नको म्हणणं वेगळं आणि अफवेवरून फेकून देणं वेगळं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो आणि आधी अक्कांची माफी मागितली. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग मुख्याध्यापिकाबाईंच्या परवानगीने आम्ही सातवीच्या वर्गात प्रयोग केला. ते दाणे वेगळे काढले, साध्या दाण्यांशेजारी छोट्या भांड्यात शिजवले. शिजल्यावर बोटाने चिरडून बघा म्हटलं. दोन्ही सारखेच चिरडले गेले. एक मुलगा म्हणाला, प्लास्टिक असतं तर वितळून वास आला असता. अक्का दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी स्वतः दोन दाणे तोंडात टाकले. त्या दिवसापासून सूप फक्त खड्यांसाठी.

मी याला पोषणशिक्षण म्हणतो. भिंतीवर फळांचं रंगीत चित्र लावलं, सप्टेंबरात पोषण महिना साजरा केला, ‘अ जीवनसत्त्व कशात असते’ या प्रश्नाचं उत्तर पाठ केलं, हे सगळं चांगलंच आहे. पण ज्या मुलाने ताटातल्या सांबारातून दुधी, शेवग्याचे तुकडे आणि पालेभाजी वेचून कडेला ठेवली, त्याला ते उत्तर येत असून उपयोग काय? आमच्या शाळेत सुरुवातीला हात धुण्याच्या जागी उष्ट्याची जी बादली असायची, तिच्यात बहुतेक भाजीच असायची. म्हणजे ५० ग्रॅम भाजी शिजत होती, वाढली जात होती, आणि बादलीत जात होती. रजिस्टरमध्ये ती खाल्लेली होती.

मग आम्ही काय केलं? फार मोठं काही नाही. तीन गोष्टी केल्या.

पहिली, गणित. समजा शाळेत पहिली ते पाचवीची ६० मुलं आणि वरची ३०. आज किती डाळ लागेल? साठ गुणिले वीस, बाराशे ग्रॅम. तीस गुणिले तीस, नऊशे. एकूण दोन किलो शंभर ग्रॅम. तांदूळ साडेदहा किलो. भाजी सव्वापाच किलो. तेल सव्वापाचशे ग्रॅम. रोज हजेरी झाली की दोन मुलं हा हिशेब स्वयंपाकघराबाहेरच्या फळ्यावर लिहितात. मग आमच्यासारख्यांनी तपासणी करायची गरजच राहत नाही. फळ्यावर दोन किलो शंभर लिहिलं असताना दीड किलो डाळ शिजवणं अवघड असतं. आणि त्रैराशिक जन्मात विसरत नाही.

याच्याच पोटात पैशाचा हिशेब आला. धान्य वेगळं मिळतं. बाकी डाळ, भाजी, तेल, मीठमसाला, गॅस यांसाठी १ मे २०२५ पासूनचा केंद्राचा दर लहान मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे, मोठ्यामागे १० रुपये १७ पैसे. म्हणजे त्या नव्वद मुलांचे दिवसाला ७११ रुपये ९० पैसे. यातही सगळी रक्कम शाळेच्या हातात येत नाही, काही माल थेट येतो. तुमच्या घरी चार माणसांच्या भाजी-आमटीला काय खर्च येतो ते आठवा. मुलांनी हा हिशेब मांडला तेव्हा एक पोरगी म्हणाली, “सर, अक्का जादूगार आहेत.” खरं आहे. आणि अक्कांचं मानधन? केंद्राने २००९ मध्ये ठरवलेलं महिना १००० रुपये, तेही वर्षातले दहा महिने. राज्यं आपापल्या परीने भर घालतात, कर्नाटकही घालतं. पण ज्या बाईच्या हातात नव्वद मुलांची तब्येत, तिचा मोबदला आपण असा ठरवतो. लंगरमधल्या आचाऱ्याला सैन्यात रँक असते, पेन्शन असते. हे मी इथे तक्रार म्हणून नाही, नोंद म्हणून सांगतो.

दुसरी गोष्ट, चाखणं. २०१५ च्या नियमांत लिहिलेलं आहे, वाढण्याआधी दोन-तीन मोठ्या माणसांनी जेवण चाखायचं, त्यात किमान एक शिक्षक हवा. हा नियम किती महत्त्वाचा आहे ते १६ जुलै २०१३ ला कळलं. बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावी शाळेतलं जेवण जेवून २३ मुलं गेली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होतं. तेलाला वेगळा वास येतोय असं स्वयंपाकीण म्हणाली होती, असं तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. तेवीस मुलं, मंडळी. एका चमच्याने ती वाचली असती.

म्हणून आमच्याकडे चाखणाऱ्यांत एक आई असते, आळीपाळीने. पहिल्यांदा आया लाजायच्या. आता ज्या दिवशी पाळी असेल त्या दिवशी मजुरीला उशिरा जातात. त्यांच्या जिभेला जे कळतं ते माझ्या नियमपुस्तकाला कळत नाही. “मीठ बरोबर आहे, पण डाळ शिजायला अजून दहा मिनिटं हवी होती.” अर्धकच्ची डाळ लहान मुलाला पचत नाही, हे मला त्यांनी शिकवलं. भाजी बारीक चिरून सांबारातच घोटायची, म्हणजे वेचून काढता येत नाही, ही युक्तीही त्यांचीच. बादली आता बरीच हलकी असते.

तिसरी गोष्ट मी सैन्यातून आणली. आमच्याकडे सैनिक संमेलन असतं, जुना शब्द दरबार. कमांडिंग ऑफिसरसमोर कुठलाही जवान उभा राहून म्हणू शकतो, साब, रोटी कच्ची मिळते. त्याला कुणी दटावत नाही. शाळेत मुलांचं मंत्रिमंडळ असतंच, त्यात आहारमंत्रीही असतो. पण त्याचं काम काय, तर रांग लावणं. आम्ही ठरवलं, महिन्यातून एकदा आहारमंत्री दरबार भरवेल. मुलं बोलतील, मोठ्यांनी ऐकायचं, उत्तर द्यायचं, उलट प्रश्न नाही करायचा.

पहिल्या दरबारात कुणी बोललं नाही. दुसऱ्यात पहिलीतला एक जण म्हणाला, सारु तिखट असतं. झालं, तिखट कमी झालं. पहिलीतल्या मुलाच्या एका वाक्याने नव्वद ताटांतलं तिखट कमी झालं, हे कळल्यावर मग सगळेच बोलायला लागले.

त्याच दरबारात आहारमंत्री असलेल्या सातवीच्या मुलीने मला विचारलं. सकाळच्या प्रार्थनेत दोनदा चक्कर येऊन बसलेली ही मुलगी. घरून निघताना फक्त चहा पिऊन यायची, कारण आई पहाटेच शेतावर जाते. तिने विचारलं, “सर, लोहाची गोळी सोमवारी आम्ही घेतो. चहा प्यायला तर ती वाया जाते असं तुम्हीच सांगितलंत. मग सकाळी चहाऐवजी काय प्यायचं?”

बघा, प्रश्न किती बरोबर होता. चहाने लोह शोषलं जात नाही, लिंबू-आवळ्याने चांगलं शोषलं जातं, हे मी मोठ्या थाटात शिकवलं होतं. पण चहाऐवजी तिच्या घरात काय आहे, हे मी विचारलं नव्हतं. कर्नाटकात २०१३ पासून ‘क्षीर भाग्य’ योजनेत शाळेत सकाळी दूध मिळतं, आणि २०२४ पासून आठवड्यातले तीन दिवस त्यात नाचणीची माल्ट. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळात त्याच्या पासंगालाही नाही. पण ही मुलगी वास येतो म्हणून दूध मैत्रिणीला द्यायची. आम्ही तिच्या आईशी बोललो. आता ती रात्रीचा नाचणीचा मुद्दा थोडा बाजूला ठेवून सकाळी ताकात कालवून खाते, आणि शाळेतली माल्ट पिते. प्रार्थनेला उभी राहते. एका मुलीवरून मी कुठलाही सिद्धांत मांडत नाही. पण ती उभी राहते, एवढं मला पुरे आहे. तामिळनाडूने सप्टेंबर २०२२ पासून सरकारी प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारी सुरू केली, ती का केली हे या मुलीकडे बघून कळतं.

अंड्याबद्दल विचाराल म्हणून बोलतो. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिनं. लहान मुलाच्या बारा ग्रॅमच्या जेवणात ते आलं की थेट दीडपट. कर्नाटकात आधी काही जिल्ह्यांत, मग सगळीकडे अंडी आली, आणि २०२४ मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीने ती आठवड्याचे सहाही दिवस करण्याचं ठरलं. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं सुरू केलं, जानेवारी २०२५ मध्ये त्याचा वेगळा निधी थांबवला. मी स्वतः घरी शाकाहारी आहे. पण सैन्यात मी एकाच लंगरमध्ये दोन्ही प्रकारचं राशन वाटलं. अंडं न खाणाऱ्याला दूध, केळं, दुसरं काही. कुणाच्या ताटात जबरदस्तीने वाढू नये आणि कुणाच्या ताटातून काढून घेऊ नये. इथे मुलं एका ओळीत बसतात, कुणापुढे ‘मोट्टे’, कुणापुढे केळं. त्यांचं काही भांडण नाही. भांडण मोठ्यांचं आहे.

आता शेवटचं. तुम्ही म्हणाल, आमची मुलं काही सरकारी शाळेत जात नाहीत, आम्ही काय करायचं? अनेकांची खरंच जात नाहीत, आणि म्हणूनच या जेवणाकडे बघणारे डोळे कमी झालेत. जवळच्या शाळेत जा. तपासायला नको, मुख्याध्यापकांना भेटून, विचारून, जेवायला जा. मुलांच्या पंगतीत मांडी घालून बसा. वाढदिवसाला, आईवडिलांच्या पुण्यतिथीला एक गोड जेवण देण्याची सोय योजनेत आहे, पण जिलबीऐवजी डाळ, शेंगदाणे, फळं द्या. शाळेच्या आवारात जागा असेल तर शेवगा, कढीपत्ता, लिंबू लावून द्या. आणि जाताना स्वयंपाक करणाऱ्या बाईंना सांगा की जेवण चांगलं झालं होतं. झालं असेल तरच सांगा. नसेल तर तेही नीट सांगा.

मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिथे जेवतो. परवा उशीर झाला तर आहारमंत्री दारात उभी. “सर, ऊटा आयता?” जेवलात का? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, “मग आधी जेवा, मग रजिस्टरवर सही करा.”

सुभेदार साहेब आज नाहीत. असते तर त्यांना ही मुलगी दाखवली असती.

जय हिंद.